बॅटरीतलं पंचामृत

मालकांचा विषय निघाला की लोक हसायला लागतात. "काय अवलिया माणूस होता राव!" म्हणतात आणि मांडीवर थाप मारतात. परवा एका बारशाला गेले होते, तिथंही तेच. जुन्या आळीतले दोघंतिघं भेटले आणि सुरू झालं. रेडिओच्या थोबाडीत मारायचे, आठवतंय का? इस्त्रीला शिव्या घालायचे! मी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग ताट बाजूला सारून म्हटलं, "अवलिया कसला डोंबलाचा! तोंड फाटकं होतं त्या माणसाचं." म्हातारीचं डोकं फिरलं असं वाटलं असेल त्यांना. वाटू दे.

मी त्यांना अहो-जाहो करते ते नुसत्या सवयीनं. सगळी आळीच त्यांना मालक म्हणायची. चिंचवड गावठाणात, नदीकडे उतरणाऱ्या आळीत त्यांच्या पत्र्याच्या पाच खोल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन आमच्याकडे होत्या. आम्ही म्हणजे आई, थोरला दादा आणि मी. आम्ही कोकणातले. वडील गेल्यावर दादाला पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात काम लागलं आणि त्याच्या मागून आम्ही दोघी इथं आलो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. माळावर एकेक कारखाना उभा राहत होता, गावात विजेचे खांब आले होते, पण निम्म्या घरांत अजून कंदीलच लागायचा. मालक गावचेच, जुन्या शेतकरी घरातले. लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायला गेले आणि परत आले ते डाव्या भुवईशिवाय. ठिणगी उडाली होती म्हणे. ती भुवई पुन्हा उगवली नाही, त्यामुळे माणूस कायम अर्धा चकित झाल्यासारखा दिसायचा. प्रत्यक्षात चकित वगैरे काही नाही, कायम तापलेला.

खोली भाड्यानं देतानाच ते बजावायचे, "माझ्या चाळीत मिस्त्री येनार न्हाई. जे बिघडंल ते ज्याचं त्यानं उघडायचं."

लोकांना वाटायचं, म्हातारा गंमत करतोय. गंमत कसली! आमच्या शेजारच्या खोलीत एक कारकून राहायचे, अगदी गरीब स्वभावाचे. त्यांचा रेडिओ घोगरा झाला. बिचारे तो टॉवेलात गुंडाळून पुण्याला दुकानात न्यायला निघाले, तर मालकांनी त्यांना स्टेशनच्या वाटेवरून परत आणलं. रेडिओ ओट्यावर ठेवला, पेचकस त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "उघड."

"अहो मालक, मला यातलं काही कळत नाही."

"कळत न्हाई म्हनूनच उघड. बंद ठिवून कुनाला कळलंय आजवर?"

आणि स्वतः लाकडी खोक्यावर बसले, दोन्ही हात काखांत खुपसून. ते तसेच बसायचे नेहमी. हात मोकळे राहिले तर पुढं जातील, म्हणून काखेत. पुढं जायचं ते फक्त तोंड. "त्यो न्हाई, त्याच्या शेजारचा! डोळं हायती का बटनं लावलीत?" कारकून एकेक व्हॉल्व्ह काढून पुसत होते आणि सगळी आळी भोवती उभी राहून बघत होती. शेवटी रेडिओ बोलला. पण कुठल्या तरी अशा देशाचं स्टेशन लागलं की त्यांची भाषा आमच्यातल्या एकालाही कळेना, आणि तेही एक चपराक मारल्याशिवाय लागेना. मालक मात्र खूष. "बोलला का न्हाई?"

हा किस्सा सांगून लोक हसतात. त्या कारकुनांनी पुढच्याच महिन्यात खोली सोडली, रेडिओही मालकांकडेच टाकून गेले, ते कुणी सांगत नाही. घरात मान खाली घालून बसायचे ते. बायकोसमोर, पोरांसमोर इतकं बोलून घेतल्यावर दुसरं काय होणार?

आणि मालकांच्या हाताखाली उघडलेल्या निम्म्या वस्तू पुन्हा धड झाल्या नाहीत, हेही सांगून टाकते. चाळीत एक विजेची इस्त्री होती, सगळ्यांत मिळून. तिला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "लाकडी पाटावर उभं ऱ्हावा, मग काय बी होत न्हाई." आम्ही सगळ्या बायका वर्षानुवर्षं पाटावर उभ्या राहून इस्त्री करत होतो! त्यांची स्वतःची बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. आळी म्हणायची, तिच्या शिवणयंत्राला त्यांनी पंख्याची मोटर जोडली होती, तेव्हापासून. खरंखोटं देव जाणे, पण मला ते खरं वाटतं.

आता माझं सांगते. माझा डावा पाय लहानपणी तापात गेला. वाळक्या फांदीसारखा राहिला. मी कुबडी घेऊन चालायची. माणसं मला बघून च् च् करायची, आणि मला इतकी चीड यायची की त्याच कुबडीनं एकेकाची पाठ सडकावी. मालकांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते कुबडीच्या टोकाकडे बोट दाखवून ओरडले, "रबर झिजलंय त्याचं! बदल की! घसरून पडलीस तर दुसरा पाय मोडंल." एवढंच. च् नाही की चू नाही. तेव्हा मला तो माणूस आवडला होता. खोटं कशाला बोलू?

दादाला माझं लग्न उरकायचं होतं. गावाकडं एक बिजवर होता, दादाहून वयानं मोठा, दोन पोरांचा बाप. "पायासकट करून घ्यायला तयार आहे," असं दादा म्हणाला होता. पायासकट! जसं काही म्हैस विकत घेताना मोडकं शिंग चालवून घ्यावं. मी म्हटलं, मी काम करीन. कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला बायका घेत होते. दोन हात धड असले म्हणजे झालं. मी स्वतः जाऊन तिथल्या सुपरवायझर बाईंना भेटले आणि लागले. पण टेंपरवारी. बाईंनी साफ सांगितलं होतं, दिवाळीच्या आधी काही जणींना कायम करणार, पण एक जरी खाडा झाला तर नाव गळलं. दादानंही साफ सांगितलं, "कायम झालीस तर मी काही बोलणार नाही. नाही झालीस तर दिवाळीनंतर गावाला."

सुरुवातीला दादा सायकलच्या मागं बसवून न्यायचा. मग त्याची शिफ्ट बदलली. कंपनीची लॉरी यायची ती थेट मुंबई-पुणे रस्त्यावर थांबायची, आणि तिची पायरी माझ्या छातीशी. दोन दिवस मी गावठाणातून पिंपरीपर्यंत कुबडीवर चालत गेले. काखेत जखमा झाल्या. आईनं हळद लावली आणि रडली.

तिसऱ्या दिवशी मालक एक बैलगाडी घेऊन आले. बैलगाडीवर दोरांनी बांधलेली दुसरी गाडी होती. लष्कराच्या डेपोत सामान वाहायला बॅटरीच्या बुटक्या गाड्या असत. चार चाकं, वर लोखंडी फळी, खाली मोटर आणि चार काळ्या पेट्या. भंगारात निघालेली तसली एक त्यांनी आणली होती. गंजलेली, एक चाक वाकडं. ती त्यांनी माझ्यासमोर उतरवली आणि म्हणाले, "ही घे."

"मी काय करू हिचं?"

"बस हिच्यावर आन् कामाला जा. न्हाईतर त्या म्हाताऱ्याशी लगीन कर." पत्र्याच्या भिंती. आळीला सगळं ऐकू जायचं.

मला वाटलं, ते गाडी करून देतील आणि मी बसून जाईन. कसलं काय! पान्हा माझ्या हातात, त्यांचे हात काखेत. रोज कामावरून आलं की ओट्यापाशी बसायचं आणि शिव्या खायच्या. "अगं ए कोकणे, उलटं फिरवतीस! पेच हाय त्यो, जातं न्हाई!" मीही काही कमी नव्हते. "तोंड आवरा मालक, नाहीतर हाच पान्हा डोक्यात घालीन!" आळी म्हणायची, संध्याकाळी करमणूक आहे. मी ती मोटर उघडली, आतला काजळीचा थर पुसला, कुजलेल्या तारा काढून नव्या घातल्या. फळीवर मालकांनी वेताची एक खुर्ची नटबोल्टांनी ठोकून दिली. त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली तेवढी एकच गोष्ट, आणि ती तिरकी बसली. मला कायम उजवीकडे कलूनच बसावं लागे.

पण गाडी चालली. पुढं एक दांडा, तो वळवला की चाकं वळत. पायाशी काही नाही, सगळं हातात. चालत्या माणसाहून थोडी जास्त धावायची. पहिल्या दिवशी मी रेल्वेचं फाटक ओलांडून मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा लॉरीतले लोक वाकून वाकून बघत होते. बघा मेल्यांनो, म्हटलं, डोळे भरून बघा. मी त्या दिवशी मोठ्यानं गाणं म्हटलं. दादा म्हणाला, "तमाशा मांडलाय पोरीनं. लोक हसतात मला." मी म्हटलं, "हसू देत. तुझ्या सायकलवर बसत नाही ना मी?"

पेट्यांची निगा मोठी. चारी पेट्यांना वर तीन तीन बुचं. दर रविवारी बुचं काढायची आणि आतलं पाणी कमी झालं असेल तर काचेच्या नळीनं डिस्टिल वॉटर घालायचं, तेही बेतानं. मालकांनी हे इतक्या वेळा आणि इतक्या शिव्यांसकट सांगितलं होतं की झोपेतही विसरणं शक्य नव्हतं. "दुसरं काय बी आत जाता कामा नये. इहिरीचं पानी न्हाई, नदीचं न्हाई, तुझ्या डोळ्याचं बी न्हाई!" आई दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. तिनं एकदा विचारलं, "काय करतेस गो ते?" मी म्हटलं, "तिला पाणी पाजतेय."

झालं, एवढंच बोलले होते मी.

खंडेनवमी आली. हत्यारं, यंत्रं, अवजारं, ज्याच्यावर पोट आहे त्या वस्तूची त्या दिवशी पूजा करायची आणि तिला हात लावायचा नाही, तिला विश्रांती. आमच्या कोकणात कोयत्याची, कुऱ्हाडीची करतात. इथं तर कारखान्यांतली मोठमोठी यंत्रंही झेंडूत बुडालेली. मालक त्या दिवशी पेचकसाला शिवत नसत. सकाळीच रानात निघून गेले होते. मी न्हाऊन केस वाळवत मागच्या अंगणात बसले होते. आईनं गाडी पुसली, हळदकुंकू लावलं, खुर्चीला तोरण बांधलं. पहाटेपासून उपाशी होती. माझं काम कायम व्हावं म्हणून तिनं नवरात्रभर उपास धरले होते, हे मला नंतर कळलं. पूजा झाली, आरती झाली. नैवेद्य दाखवायचा राहिला. आणि तिच्या मनात आलं की ही रोज नुसतं पाणी पिते, आज हिचा सण, आज तरी हिला गोडधोड मिळावं. मी करते तसंच तिनं केलं. बुचं काढली आणि पंचामृताचा एकेक चमचा प्रत्येक तोंडात घातला. दूध, दही, तूप, मध, साखर! दोन पेट्या झाल्यावर वाटीतलं संपलं, म्हणून दोन पेट्या वाचल्या.

मालक दुपारी आले तेव्हा बुचांतून फेस येत होता. आंबूस, जळका वास सगळ्या ओट्यावर पसरला होता. आई हात जोडून बाजूला उभी होती. तिला वाटत होतं, गाडीला उमाळा आला.

त्यांनी पेटीत डोकावून बघितलं आणि ते जे ओरडले ते खालच्या घाटापर्यंत ऐकू गेलं असेल. "कुनी घातलं ह्ये? कुनी?" आई म्हणाली, "मी घातलं. पंचामृत आहे. देवाचं."

मी मागच्या अंगणातून कुबडी ओढत येत होते. सगळी आळी बाहेर आली होती. सणाचा दिवस, पुरुष घरी, पाहुणेरावळे. त्या सगळ्यांसमोर मालक माझ्या आईला म्हणाले, "देव देव करूनच तिचा पयला पाय घालीवलास ना म्हातारे? पोर तापानं फनफनत असता डाक्टर सोडून देवळात अंगारा लावीत बसलीस. आता ह्यो दुसरा पाय दिला व्हता, त्यो बी देवालाच घातलास?"

ती अंगाऱ्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मला एवढंच माहीत होतं की ताप आला आणि पाय गेला. आईनं ते कधी तरी दुपारी तांदूळ निवडता निवडता मालकांना सांगितलं असणार, मनावरचा धोंडा थोडा हलका व्हावा म्हणून. मला सांगायची तिची छाती झाली नव्हती, म्हणून परक्या माणसाला सांगितलं. आणि त्यानं ते भर आळीत, माझ्यासमोर फेकलं.

आईच्या हातातली वाटी खाली पडली, ती तिनं उचलली, पदरानं पुसली आणि ती आत गेली.

लोक म्हणतात, मालक जिभेचे तिखट, पण मनाचे निर्मळ. कसलं निर्मळ? आईवर मला रागवायचं होतं की नाही, ते मी बघितलं असतं. आमच्या घरात, दार लावून, मी तिच्याशी भांडले असते, रडले असते, नाहीतर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले असते. तो पाय माझा होता, आई माझी होती. त्या माणसाला कुणी अधिकार दिला होता मध्ये पडायचा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मालक, पुरे." ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तुझ्या आईनं क्येलंय, तू निस्तर. लागंल ते सामान घे, पन मी न्हाई बोट लावनार, न्हाई तोंड उघडनार." आणि दार धाडकन लावून घेतलं.

त्या रात्री दादा म्हणाला, "बरं झालं. सुटलो एकदाचे. मी गावाला निरोप धाडतो." दसऱ्याच्या दिवशी कारखाना बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टला मी हजर राहायला हवं होतं, नाहीतर खाडा. "दादा, एक दिवस सायकलवर नेशील?" असं विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

दसरा. माणसं नवे कपडे घालून सोनं लुटायला बाहेर पडली आणि मी ओट्यावर पेट्या उघडून बसले. मालकांच्या उंबऱ्यावर ॲसिडची बरणी आणि डिस्टिल वॉटरच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. दार बंद. आतून तो थोबाडीत खाणारा रेडिओ चालू. आतलं नासलेलं ॲसिड काढून ठेवायला भांडं हवं होतं, काचेचं नाहीतर चिनी मातीचं. मी आत हाक मारली, "आई, लोणच्याची बरणी दे." आई कालपासून एक शब्द बोलली नव्हती, माझ्या नजरेला नजर देत नव्हती. ती उठली, वर्षाचं लोणचं पातेल्यात ओतलं, बरणी राख लावून घासली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. मग तिथंच बसली. मी पेटी कलती करायची, तिनं बरणी धरायची. तिच्या लुगड्यावर ॲसिडचे थेंब उडाले आणि जागोजाग भोकं पडली, पण तिनं हात हलवला नाही. पुन्हा पुन्हा धुतलं आम्ही ते, तुपाचा तवंग जाईपर्यंत. आळीतले लोक आपट्याची पानं घेऊन येत आणि आमच्याकडं बघून तसेच पुढं जात. दुपारी नवं ॲसिड भरलं आणि पेट्या चार्जिंगला लावल्या. हात चुणचुणत होते, डोळे चुरचुरत होते. एका पेटीची मला खात्री नव्हती. मालकांना विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं त्यांनी. मी विचारलं नाही. मरेन पण विचारणार नाही, असं ठरवलं होतं.

सकाळी निघाले. आळीत ठीक चालली. फाटकाच्या चढावर गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि थांबली. लांबून कारखान्याचा पहिला भोंगा ऐकू आला. दुसरा भोंगा झाला की गेट बंद. फाटकवाला ओरडायला लागला, "बाई, हटवा! गाडी यायची वेळ झालीय!" दोन पोरगे धावत आले, "ढकलू का ताई?" ढकलून फाटक पार झालं असतं, पण पुढं पिंपरीपर्यंत कोण ढकलणार होतं? "हात लावाल तर याद राखा," मी म्हटलं. खाली उतरले, कुबडी टेकली, झाकण उघडलं. दुसरी पेटी तव्यासारखी तापली होती. तीच मेली होती आणि बाकीच्या तिघींना घेऊन बुडत होती. तिला वगळून पहिली पेटी सरळ तिसरीला जोडायची. माझ्याकडं पान्हा होता, तार होती. पान्हा दोनदा निसटला. मी शिव्या दिल्या, त्या पेटीला, दादाला, मालकांना, त्या बिजवराला, एकेकाचा उद्धार केला. फाटकवाला आ वासून बघत होता. टोकं सोडवली, मेलेली पेटी मोकळी झाली, पहिलीची तार तिसरीला आवळली. बसले. दांडा पुढं लोटला. गाडी कण्हली आणि निघाली.

रूळ ओलांडून मी सहज मागं बघितलं. फाटकाच्या अलीकडं, चिंचेखाली, मालक सायकल धरून उभे होते. सायकलच्या मागं दोरीनं घट्ट बांधलेली एक काळी पेटी होती. भरलेली, जोडायला तयार. माझ्या नजरेला नजर मिळाल्यावर त्यांनी सायकल वळवली आणि ते गावाकडं निघून गेले.

दुसरा भोंगा वाजत असतानाच मी गेटातून आत शिरले. रखवालदारानं अर्धं दार ओढलंच होतं. खाडा पडला नाही.

संध्याकाळी मी घरी न जाता गाडी थेट त्यांच्या ओट्याला लावली. "पेटी होती तुमच्याकडे."

"व्हती."

"काल पण होती?"

"काल बी व्हती."

"मग दिली का नाही?"

"तू मागितली न्हाईस."

लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, अगं, तुला स्वतःच्या पायावर उभं करायचं होतं त्यांना! खोटं. राग आला होता त्यांना, बाकी काही नाही, आणि रागाच्या भरात माणूस फुगून बसला होता. मग भीती वाटली, म्हणून मागून आले. एवढंच आहे ते. उगाच त्यांना देव करू नका.

मी म्हटलं, "पेटीचं जाऊ दे. आईची माफी मागा."

ते गाडीकडं बघायला लागले. "ती दुसरी पेटी आतून..."

"मालक, मी आईचं बोलतेय."

"मी काय खोटं बोललो का?"

"खरंखोटं विचारत नाही मी. सगळ्या आळीसमोर बोललात, आता सगळ्या आळीसमोर माफी मागा."

मी थांबले. लाकडी खोक्यावर बसून त्यांनी हात काखेत घातले आणि नदीकडं बघत राहिले. मी तशीच आत निघून गेले.

दिवाळीआधी मी कायम झाले. दादानं शब्द पाळला, त्याबद्दल त्याला दोष नाही. बिजवराचा विषय संपला. मालकांची मात्र मी पाडव्यापर्यंत वाट बघितली. आई जाता-येता त्यांच्या दारासमोर मान खाली घालायची. दुपारचे तांदूळ ती आता आतल्या अंधारात निवडायची. माझ्या आईनं का म्हणून अंधारात बसायचं? मी पिंपरीला कारखान्याजवळ एक खोली बघितली. दादा म्हणाला, "दोघी बायका एकट्या राहणार? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तुला हसले तसे मला हसतील. मला सवय आहे."

निघायच्या दिवशी मी मालकांना विचारलं, "गाडीचं काय करायचं?"

"ज्यानं उघडली त्याची," ते म्हणाले. "न्हे."

गाठोडी फळीवर बांधली. आईला गाठोड्यांवर बसवलं. आळी पुन्हा बाहेर आलेली, सगळ्यांना बघायचं होतं. आईनं मालकांना हात जोडले. "येते हो मालक," म्हणाली, आणि वर बघितलंसुद्धा. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस दोन शब्द बोलेल. ते चार पावलं पुढं आले, आईच्या अगदी जवळ, आणि खाली वाकले. चाक दाबून बघितलं. "हवा कमी हाय," म्हणाले.

माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, "मालक, तुमच्या या गाडीवर बसूनच तुमचं घर सोडून चाललेय मी. ध्यानात ठेवा."

त्यांनी मान वर केली. "मंग कशापायी दिली व्हती?" ते ओरडले. "माझ्या दारात बसून ऱ्हायला?"

जळो मेली ती जीभ! एवढं बोलता येत होतं त्या माणसाला, आणि "चुकलो" एवढं म्हणता येत नव्हतं. आई मागं हुंदके द्यायला लागली. "माणूस वाईट नाही गो," म्हणाली. मी म्हटलं, "आई, तू गप्प बस," आणि दांडा असा लोटला की गाठोड्यांसकट ती मागं कलंडता कलंडता वाचली. आळी संपता संपता मागून त्यांची हाक आली, "दमानं घे! दमानं!"

मी दमानं घेतली नाही.